स्वच्छ प्लेट पुसणारा लॉरेन

येत्या शनिवारी आमच्या ड्राय फोर्क गावच्या बेसबॉल मैदानाला लॉरेन व्हावराचं नाव देणार आहेत. त्या वेळी दोन शब्द मी बोलायचे, असं कमिटीनं परस्पर ठरवून टाकलंय. मीच का, तर म्हणे, "मर्ल, तुझ्याइतकं त्याला जवळून कोण ओळखतं?" खरं आहे. कॉलेजात आम्ही एका संघात खेळलो. पुढे जन्मभर एकाच मैदानावर निळे शर्ट घालून अंपायरिंग केलं, तो होम प्लेटच्या मागे आणि मी पहिल्या बेसपाशी. जवळून म्हणजे नव्वद फुटांवरून. तेवढ्या अंतरावरून मी त्याचं कौतुक ऐकत आलोय, आणि ऐकायला मला कधी अडचण आली नाही.

माझी बायको डेलोरेस कालपासून मागे लागलीये.

"चांगलं बोल हं. आणि तोंड आंबट करून बोलू नकोस."

"माझं तोंडच तसं आहे."

"लग्नाच्या दिवशी नव्हतं."

तेव्हा शनिवारी मी चांगलंच बोलणार. जे शनिवारी बोलायचं नाही ते इथं बोलून मोकळा होतो.

लॉरेन हा रुडी व्हावराचा धाकटा. रुडीचं बेकरीचं दुकान होतं, खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, शनिवारी सकाळी दहाच्या आत संपायचे. माझ्या बापाची डुकरं होती. कॉलेजात आम्हाला दोघांनाही बेसबॉलसाठीच घेतलं. बॅटिंग माझी चांगली. हे मी माझ्या तोंडानं सांगतोय म्हणून खोटं ठरत नाही. मी मारलेला चेंडू कुंपणापलीकडच्या मक्यात जाऊन पडायचा आणि शोधायला दोघं लागायचे. लॉरेनला बॅट म्हणजे झाडू. पण तो कॅचर होता. प्लेटमागे उकिडवं बसून, अंगावर पॅड बांधून, येईल तो चेंडू झेलायचा. कॅचरला सगळे जण नावानं ओळखतात, कारण सगळा खेळ त्याच्या तोंडासमोर चालतो. मी लांब उजव्या कोपऱ्यात उभा. मक्याच्या जास्त जवळ.

तिथंच मी ती रीत पहिल्यांदा पाहिली. बॅटला निसटता लागलेला चेंडू लॉरेनच्या गळ्यापाशी बसला. तो गुडघ्यावर आला, तोंडातून आवाज फुटेना. म्हाताऱ्या अंपायरनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं हात वर करून खेळ थांबवला, मागच्या खिशातला छोटा ब्रश काढला, पुढे आला, वाकला आणि प्लेट पुसायला लागला. प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेला पांढरा रबरी तुकडा. त्यावर धुळीचा कण नव्हता. तरी म्हातारा पुसतोय आपला, अगदी सावकाश, बूड मैदानाकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे, कारण लोकांना बूड दाखवायचं नाही हीसुद्धा आमच्यातली रीतच. त्याचं पुसून होईपर्यंत लॉरेन श्वास घेऊन उठला.

ही रीत नियमांच्या पुस्तकात नाही. कॅचर पोरगा असतो, हजार माणसांसमोर 'लागलं का रे बाळा' म्हटलं तर मेल्याहून मेल्यासारखं होतं त्याला. म्हणून ब्रश. आणि अंपायरला लागलं की कॅचर उगाच उठून चेंडू टाकणाऱ्याकडे चालत जातो, आज जेवायला काय आहे वगैरे विचारतो, तेवढ्यात अंपायर सावरतो. बघणाऱ्यांना काही कळत नाही. ज्यानं मार खाल्लाय त्यालाच कळतं.

"काय नाटक होतं रे ते म्हाताऱ्याचं?" मी बसमध्ये लॉरेनला विचारलं.

"नाटक नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला वाटलं, कोणीतरी दार लोटून घेतलं."

असलं बोलायचा तो. लोकांना आवडायचं.

कॉलेज संपलं, पुढे कोणी दोघांनाही विचारलं नाही. तो जिल्ह्याच्या रस्ता खात्यात लागला, मी धान्याच्या कोठारावर. आमच्याकडे आयोवात शाळांचं बेसबॉल उन्हाळ्यात असतं आणि अंपायर मिळायची बोंब असते. आम्ही दोघं एकाच दिवशी शिकायला गेलो. शिकवणाऱ्यानं विचारलं, कॅचर कोण होतं? लॉरेननं हात वर केला. झालं. तो प्लेटमागे गेला तो गेलाच. मला सांगितलं, तू बेसवर, तुझे पाय चांगले आहेत. पाय! मक्यात चेंडू मारणाऱ्या माणसाचे पाय!

पहिल्या बेसवरचं काम सोपं नाही बरं का. चेंडू मारून पळत आलेला पोरगा आणि मैदानातून फेकलेला चेंडू दोन्ही एकाच वेळी येतात. डोळे दोन्हीकडे लावले की चुकलात. म्हणून डोळे बेसवर, पाय कधी पडतो ते बघायला, आणि कान ग्लोव्हकडे, चेंडू कधी बसतो ते ऐकायला. आधी चापट ऐकू आली की आउट. मी हे लॉरेनला इतक्यांदा ऐकवलंय, की तो म्हणायचा, "मर्ल, तुझ्या थडग्यावर कानाचं चित्र काढू."

बरं, अंपायर म्हटला की शिव्या आल्या. माझ्या वाट्याला भरपूर आल्या. "ए मर्ल, डोळे कोठारात विसरलास का?" "आंधळ्या, काठी आणून देऊ का?" माझी सख्खी चुलतबहीण एकदा उभी राहून ओरडली, "अरे, लहानपणापासून दिसत नाही त्याला!" आणि लॉरेन? त्यानं स्ट्राइक दिली, म्हणजे बॅटरनं सोडलेला चेंडू मारण्याजोगा ठरवला, की लोक एकमेकांत पुटपुटायचे, "लॉरेन म्हणतोय म्हणजे असेल." आंधळा हा शब्द त्याला कोणी कधी म्हटला नाही. एकदासुद्धा. मला दिसतंय चांगलं, आजही सुईत दोरा ओवतो, आणि आंधळा मी.

त्यातून त्याचं ते ग्लोव्हचं काम. मांसाच्या कारखान्यात कामाला लांबलांबची माणसं यायला लागली, कोणी मेक्सिकोची, कोणी ब्रह्मदेशाकडची. त्यांची पोरं मैदानाच्या कुंपणाला लटकून बघायची. लॉरेननं घरोघर फिरून माळ्यावर पडलेले ग्लोव्ह गोळा केले. गॅरेजमध्ये बसून त्यांना तेल लावलं, नव्या चामडी दोऱ्या ओवल्या, आणि रविवारी चर्चच्या तळघरात वाटले. वाटले म्हणजे नुसते दिले नाहीत. प्रत्येक पोराच्या हातात स्वतः चढवायचा, मध्ये एक गुद्दा मारायचा आणि म्हणायचा, "आता हा तुला ओळखतो." वर्षामागून वर्षं चाललं ते. आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांत असं गाव नाही जिथं लॉरेनच्या दोऱ्यांचा ग्लोव्ह नाही.

मीही दिला होता. माझा कॉलेजातला, डावखुऱ्याचा. डावखुरा ग्लोव्ह सहसा मिळत नाही. लॉरेननं तो मारिसोल नावाच्या पोरीला दिला. पोरगी शिकली, कॉलेजच्या संघात गेली, आणि गावात सत्कार झाला तेव्हा स्टेजवर ग्लोव्ह छातीशी धरून रडत म्हणाली, "हे सगळं मिस्टर व्हावरांमुळे." ग्लोव्ह माझा, दोरी त्याची, आभार त्याचे. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. डेलोरेसनं मला कोपरानं ढोसलं, "ऊठ." उठलो. लॉरेन माईकवर म्हणाला की ग्लोव्ह मर्लचा आहे, पण टाळ्यांत कोणाला ऐकू जातंय.

आता आमच्या शेवटच्या हंगामाचं सांगतो. लॉरेननं वसंतातच जाहीर केलं की यंदा शेवटचं. कौतुकाला नुसती भरती आली. आणि त्याच हंगामात तो माझ्या जास्तच डोक्यात जायला लागला.

आधी एक, गाडी. आयुष्यभर सामन्यांना आम्ही त्याच्या ट्रकमधून गेलो. यंदा म्हणतो, "तू घेऊन चल ना, माझा ट्रक कुरकुरतोय." हंगामभर कुरकुरतोय? मी आपला रोज त्याच्या दारात हॉर्न वाजवतोय, आणि त्याची बायको आर्डिथ त्याची बॅग आणून माझ्या गाडीत ठेवतेय. मी घरी म्हटलं, "साहेबांना आता ड्रायव्हर लागतो."

दुसरं, ते बोट. बॅटरनं बॅट पूर्ण फिरवली की अर्ध्यात थांबवली हे प्लेटमागून नीट कळलं नाही, तर अंपायर बेसवरच्या अंपायरकडे बोट करतो, तू सांग म्हणून. लॉरेन हे वर्षातून दोनदा करायचा. यंदा ऊठसूट माझ्याकडे बोट. जो तो निकाल माझ्यावर, म्हणजे शिव्याही माझ्यावर. वर लोक म्हणायचे, "बघा, इतका मोठा अंपायर, पण विचारतो कसा नम्रपणे."

आणि तिसरं, ब्रश. जरा काही झालं की प्लेट पुसायला वाकायचा. कॅचरला लागलेलं नाही, धूळ नाही, आणि हा पुसतोय. पार नाक टेकवून. पुसून झालं की हातानं कडा चाचपायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. लोकांचे फोन वर. निरोपाचा हंगाम ना! मला वाटलं, हा आता फोटोसाठी वाकायला लागला. माझा असा जळफळाट व्हायचा की बेसवर उभ्या उभ्या दात खायचो.

जुलैत बर्डेटचा फोन आला. राज्याच्या फायनलला कोण अंपायर, कोण कुठं, हे ठरवणारा तो माणूस.

"मर्ल, फायनलला प्लेट तुला."

मी खुर्चीत बसलो. फायनलला प्लेट! कॉलेज सुटल्यापासून मला दुसरं काही नको होतं. दर वर्षी कोच लोक मत देणार, दर वर्षी लॉरेन. मी डेलोरेसला हाक मारली, ती ओल्या हातानं आली, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. दुपारी मी तळलेल्या मांसाचं सँडविच खायला हॉटेलात गेलो आणि चार जणांना सांगितलं. त्यातला एक जण म्हणाला, "हो, लॉरेननंच बर्डेटला सांगितलं ना, मर्लला द्या म्हणून. काय मन आहे बघ त्याचं!"

सँडविच अर्धं टाकलं. तसाच उठून त्याच्या गॅरेजवर गेलो. तो ग्लोव्हच्या ढिगात बसून दोरी ओवत होता, मान वर करून, भलतीकडेच बघत. दोरी वाकडी गेली होती.

"मी तुझ्या चर्चच्या तळघरातला पोरगा आहे का रे?" मी दारातूनच सुरू झालो. "जुना ग्लोव्ह वाटतोस तशी फायनल वाटतोयस? आता काय, माझ्या हातात चढवून गुद्दा मारणार?"

"मर्ल, बस."

"बसत नाही. मला मिळायची ती माझी म्हणून मिळू दे. तुझी उरलेली नकोय."

"माझे गुडघे वाकत नाहीत आता. खरंच सांगतो. मी पहिल्या बेसवर उभा राहतो, तू प्लेट घे. घे ना, लेका."

"गुडघे वाकत नाहीत आणि प्लेट पुसायला बरा दिवसभर वाकतोस!"

आर्डिथ मधल्या दारात येऊन उभी राहिली होती. ती काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्यानं मान हलवली आणि ती आत गेली.

घरी येऊन मी म्हटलं, मला नकोच ती प्लेट. डेलोरेस म्हणाली, "मग कळव बर्डेटला. फोन तिथं आहे." फोन तिथंच होता. मी त्याच्याकडे बघत बसलो. मग आत जाऊन कपाटाच्या आरशासमोर मास्क लावून उकिडवा बसलो आणि स्ट्राइक द्यायची तालीम केली. फुकटची असली तरी फायनल ती फायनल. नको म्हणवेना, आणि हो म्हणायचीही लाज वाटत होती. काय करता!

फायनल राजधानीजवळच्या मोठ्या मैदानावर, दुपारची. सामन्याआधी लॉरेनचा सत्कार. त्याला लाकडी पाटी दिली, कुंपणापाशी ग्लोव्हवाली पोरं रांगेनं उभी केली, आता त्यातल्या कित्येकांच्या कडेवर त्यांची पोरं. टाळ्या थांबेचनात. मी बाजूला मास्क बगलेत धरून उभा, लग्नात भांडी सांभाळायला बसवल्यासारखा. माझी फायनल! माझं नाव माईकवर घेतलं तेव्हा लोक खाली बसत होते, त्यात खुर्च्यांचा आवाज.

खेळ सुरू होताना लॉरेन माझ्याजवळ आला आणि त्यानं स्वतःचा ब्रश माझ्या मागच्या खिशात खोचला. "असू दे," म्हणाला. मी म्हटलं, "माझ्याकडे आहे." "हाही असू दे."

पण सांगतो, त्या दिवशी मी प्लेटमागे जो बसलो! पहिल्या चेंडूपासून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. प्रत्येक चेंडू टोपलीएवढा. दोन्हीकडचे कोच गप्प. मला कोणी आंधळा म्हणालं नाही, आणि तिसऱ्या इनिंगला तर माझ्या एका निकालावर कोणीतरी टाळीही वाजवली. मी ती टाळी कुठून आली ते शोधत होतो.

चौथी इनिंग संपली. संघ जागा बदलत होते. माझ्याकडचा एक चेंडू खरचटला होता, कडेच्या पेटीत टाकायला म्हणून मी तो लॉरेनकडे हळूच फेकला. हे आम्ही हजारदा केलंय. तो माझ्याकडेच तोंड करून उभा होता, हसत. त्यानं हात उचलला नाही. चेंडू येऊन त्याच्या छातीवर आदळला आणि खाली पडला. तो दचकला, मग घाईनं वाकून गवतात चाचपायला लागला. चेंडू त्याच्या बुटासमोर होता आणि तो बाजूला चाचपत होता.

कॅचर होता तो. अंगावर आलेला चेंडू झोपेतसुद्धा झेलला असता त्यानं.

मी चालत गेलो. चेंडू उचलून त्याच्या हातात दिला.

"किती दिसतं?"

"कडेकडेनं दिसतं," तो म्हणाला. हसू तसंच होतं, लोकांसाठी. "मधे नाही. जिथं बघावं तिथं राखाडी."

"कधीपासून?"

"गेल्या पानगळीत डाव्यानं सुरू झालं. मेपासून दोन्ही."

गाडी. बोट. ब्रश. वाकडी दोरी. सगळं एकदम डोळ्यासमोर आलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तू इथं उभा राहिलायस? पोरांची फायनल आहे ही, लॉरेन! त्यांनी वर्षभर घाम गाळलाय!"

"पहिल्या बेसवर कानानं चालतं, मर्ल. तूच सांगायचास."

"माझ्यावर ढकलू नकोस."

"प्लेट सोडली ना मी. दुसरा कोणी दिला असता त्यांनी, म्हणून तुझं नाव सांगितलं. तुझ्याइतकं नीट दिसणारा मला माहीत नाही." मग हळू आवाजात म्हणाला, "बर्डेटला सांगायचं तर सांग. मी काही म्हणणार नाही."

बर्डेट पहिल्याच रांगेत बसला होता, हातात कणीस. तीस पावलं चालायचं आणि दोन वाक्यं बोलायची. सगळ्या राज्यासमोर, पाटी मिळालेल्या दिवशी, लॉरेन व्हावराला मैदानातून हाताला धरून बाहेर काढलं असतं. खोटं नाही सांगत, मला ते दिसलं, आणि बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी माघारी वळून मास्क लावला आणि खाली बसलो. पुढे काय करायचं ते माझं मलाच कळत नव्हतं.

दोन इनिंग त्याला कठीण असं काही आलंच नाही. बेसवर आलेले सगळे निकाल सरळ. मीच प्रत्येक वेळी घामाघूम.

सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. बॅटिंग कोच ग्रीमरच्या संघाची, एका रननं मागे. दोन आउट झालेले, तिसरा गेला की खेळ संपला, बेसवर कोणी नाही. बॅटरनं चेंडू जमिनीवरून डावीकडे मारला आणि जिवाच्या आकांतानं पहिल्या बेसकडे सुटला. तिकडच्या पोरानं चेंडू उचलून फेकला. बेसवर कोणी नसलं की प्लेटवरचा अंपायर धावणाऱ्याच्या मागून निम्म्यापर्यंत जातो, तसा मीही पळालो. सगळं मैदान उभं होतं. लोखंडी पायऱ्यांवर लोक पाय आपटत होते, त्या धडधडाटात माझंच मला ऐकू येईना.

लॉरेन बेसपाशी वाकलेला, मान तिरकी, कान पुढे.

चेंडू ग्लोव्हमध्ये बसला. मग पाय बेसवर पडला. केसभराचा फरक, पण मी पाहिलं. आउट.

लॉरेन सरळ झाला. हात वर गेला नाही. नाबाद म्हणून बाजूलाही गेला नाही.

त्याला ऐकूच आलं नव्हतं. आणि अंदाजानं त्यानं हात उचलला नाही, जन्मात कधी उचलला नव्हता, एवढं मी त्याचं मानतो. तो नुसता उभा. पोरगा बेसच्या पुढे थांबून मागे बघतोय, दोन्ही संघ बघतायत, धडधडाट हळूहळू खाली यायला लागला.

त्या अर्ध्या श्वासात माझ्या मनात काय आलं, सांगू? राहू दे उभा. एकदा तरी ओरडू देत त्याला. एकदा तरी कोणीतरी म्हणू दे, ए लॉरेन, आंधळा आहेस का? जन्मभर माझ्या वाट्याला आलेलं एकदा त्याच्या वाट्याला येऊ दे.

आणि लगेच लक्षात आलं, की मला म्हणाले तेव्हा ते खोटं होतं.

मी मूठ आवळून हात वर फेकला आणि गळा फाडून ओरडलो, "आउट! आउट!"

दुसऱ्याच्या बेसवरचा निकाल त्यानं विचारल्याशिवाय द्यायचा नाही. आमच्यात याच्याइतकं मोठं पाप दुसरं नाही. क्षणभर कोणाला काही कळेना. मग जिंकलेली पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि कोच ग्रीमर माझ्या अंगावर आला.

"तो तुझा निकाल नव्हता! लॉरेनचा होता! त्याचा शेवटचा सामना, आणि तेवढाही तुला बघवला नाही?"

प्रेक्षकांतून तेच. "लाज वाटते का, मर्ल?" "मरेपर्यंत जळत राहा!" कोणाला पुरावा लागला नाही. माझ्या पोटात काय दुखतं ते सगळ्या राज्याला आधीपासून पाठ होतं. आंधळा म्हणाले नाहीत या वेळी, जळका म्हणाले. मी चालत प्लेटपाशी आलो आणि तिथंच थांबलो, मास्क हातात, आणि श्वास काही घेता येईना. ग्रीमर कानाशी ओरडतच होता.

लॉरेन पहिल्या बेसवरून निघाला. चुन्याची पांढरी रेघ धरून, नव्वद फूट, सावकाश. माझ्यापाशी आला, माझ्या पाठीवर हात ठेवला, तो खाली सरकवत माझ्या मागच्या खिशातून स्वतःचा ब्रश काढला. मग पुढे होऊन वाकला, बूड मैदानाकडे, तोंड लोकांकडे, आणि प्लेट पुसायला लागला.

खेळ संपला होता. त्या प्लेटचं आता कोणाला काही काम नव्हतं. हा पुसतोय आपला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ग्रीमर बोलता बोलता थांबला. लोक गप्प झाले. आणि मला श्वास आला.

मग टाळ्या सुरू झाल्या. सगळे उभे. लॉरेन व्हावरा त्याच्या प्लेटचा निरोप घेतोय! बायका डोळे पुसतायत! फोन वर! मी चार फुटांवर उभा, आणि त्यातही टाळ्या त्यालाच.

कपडे बदलायच्या खोलीत तो म्हणाला, "काय होतं?"

"आउट."

"किती?"

"केसभर."

"मी सांगतो मर्ल, सगळ्यांना. उद्याच."

"खबरदार," मी म्हटलं. "म्हणजे मग म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस, स्वतःहून कबूल केलं. तेवढं कौतुक मला झेपायचं नाही. तोंड बंद ठेव."

तो हसला, आणि बुटाची नाडी शोधायला लागला. मी बांधून दिली.

पानगळीत त्यानं डोळ्यांचं जाहीर केलं. गाव हळहळलं, बिचारा, निवृत्त झाला आणि लगेच डोळे गेले! कोणी दोन आणि दोन चार केले नाहीत. कोणाच्या तरी फोनवरच्या चित्रात माझा निकाल बरोबर निघाला, पण मला पुन्हा फायनल मिळाली नाही. बर्डेट म्हणाला, "निकालाचं नाही रे मर्ल, वागण्याचं आहे." आता ग्लोव्हच्या दोऱ्या लॉरेन हातानं चाचपून ओवतो आणि मी शेजारी बसून वाकड्या गेलेल्या सरळ करतो. वाटायला नेतो ते मी, माझ्या गाडीतून. पोरं म्हणतात, थँक यू मिस्टर व्हावरा.

मैदानाचा फलक काल बघून आलो. त्या दिवसाचा फोटो पत्र्यावर मोठा करून लावलाय. लॉरेन वाकलेला, हातात ब्रश, खाली प्लेट, चकचकीत स्वच्छ. खाली लिहिलंय, अखेरचा निरोप. मागे कॅचर लांब पळून मिठ्या मारतोय. मग हा कोणाला श्वास घ्यायला वेळ देतोय, हे विचारायचं इतक्या माणसांत एकालाही सुचलं नाही. फोटो कडेला कापलाय. माझ्या बुटाचं टोक तेवढं राहिलंय.

"बघ," डेलोरेस त्याच्यावर बोट ठेवून म्हणाली, "आलास की नाही फलकावर?"

शनिवारी मी चांगलंच बोलणार आहे.